आधी पाण्याची वाट, मग पर्यटकांची

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात आपला पन्हाळा आहे. कोल्हापूर तसंही 'जगात भारी' होतंच, आता त्यावर शिक्का बसला. असा मान मिळाला की मागण्यांची यादी ठरलेली असते: स्वागतकमान, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट, पेव्हर ब्लॉक, वर गाडी लावायला मोठं मैदान. गटार, मोरी, चुना हे शब्द त्या यादीत सहसा नसतात. आमच्या मते मात्र यादी तिथूनच सुरू व्हायला हवी, कारण सह्याद्रीच्या पावसात जुन्या बांधकामाचं सगळ्यात जास्त नुकसान पाणी करतं. पर्यटन वाढलं की पाण्याच्या वाटा आणखी बिघडतात.

पन्हाळ्याचं उदाहरण घ्या. वर जांभा, त्याखाली मऊ चिकण थर आणि मग काळा बेसॉल्ट. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपतं, चिकण थरावर अडतं आणि आडवं सरकत कड्याकडे येतं. तिथे वाट मिळाली नाही तर मागचा दाब वाढतो आणि तट किंवा रस्ता बाहेर फुगतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर जाणारा मुख्य रस्ता खचला आणि वाहनांची वाट बराच काळ बंद राहिली. अशा ठिकाणी नुसती जाड काँक्रीटची भिंत घातली तर पाणी कोंडून राहतं. संरक्षक भिंतीत दर एक ते दीड मीटरवर ७५ ते १०० मिलिमीटरची निचऱ्याची भोकं लागतात आणि भोकामागे दगडगोट्यांचा गाळणीचा थर लागतो. भोकं ठेवली पण मागे गोटे भरले नाहीत, तर दोन पावसाळ्यांत माती येऊन ती बुजतात. हा प्रकार फार ठिकाणी दिसतो, आणि भोकं बाहेरून छान दिसत असल्यामुळे कुणी विचारतही नाही.

तटाला मुळातच मोऱ्या असतात. तटावरून चालायच्या वाटेला आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला उतार दिलेला असतो आणि पाणी ठरावीक जागी बाहेर पडतं. या वाटेवर काँक्रीटचा थर टाकून पेव्हर ब्लॉक बसवले की पातळी चार-पाच इंच वर येते, जुन्या मोऱ्या खाली गाडल्या जातात आणि पाणी तटाच्या पोटात उतरतं. फरसबंदी हवीच असेल तर मुरूम आणि वाळूच्या थरावर कोरडे दगड बसवावेत, सांधे सिमेंटने भरू नयेत, आणि दर ५० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर असा उतार तटापासून दूर ठेवावा. काम सुरू करण्याआधीची पाहणी जुलैमध्ये, छत्री घेऊन करावी. उन्हाळ्यात केलेल्या पाहणीत पाणी कुठून येतं हे कळत नाही, फक्त ते कुठून येऊन गेलं याचे डाग दिसतात.

गडावर माणसं राहतात, नगरपरिषद आहे, लॉज आहेत, खानावळी आहेत. शनिवार-रविवारी मुक्कामी वाढले की वापरलेलं पाणीही वाढतं, आणि ते शोषखड्ड्यातून पुन्हा डोंगरातच मुरतं. कड्याजवळचा शोषखड्डा म्हणजे तटामागे बारमाही चालू ठेवलेला नळ. नव्या खोल्यांना परवानगी देताना खोल्यांच्या संख्येपेक्षा सांडपाणी कुठे जाणार हे आधी विचारावं.

आता चुन्याबद्दल, कारण दुरुस्तीचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. जुना सांधा सिमेंटने भरला की वर्षभर भिंत नवीकोरी दिसते. सिमेंट आजूबाजूच्या चुन्यापेक्षा कडक असतं आणि ओल बाहेर सोडत नाही. मग ओल दगडातून बाहेर पडायला बघते, सिमेंटमधले क्षार सोबत आणते, आणि सांध्याच्या कडेने पांढरा लोणा फुटतो. जांभ्याच्या कडा झडतात. बेसॉल्ट स्वतः टिकतो, पण त्याच्या पाठीमागचा मूळ चुना भुसभुशीत होतो. एक दिवस चार दगड एकदम सुटतात आणि सिमेंटची पट्टी मात्र शाबूत असते.

चुन्याचं काम असं होतं: कळीचा चुना पाण्यात विझवायचा, गाळायचा आणि निदान महिनाभर पाण्याखाली मुरू द्यायचा. जास्त मुरला तर अधिक चांगलं. मग एक भाग चुना, एक भाग भाजक्या विटांची भुकटी (सुरखी) आणि दीड ते दोन भाग धुतलेली खडबडीत वाळू असं मिश्रण घाणीत मळायचं. बैलाची घाणी आता मिळत नाही, पण दगडी चाकाची यांत्रिक घाणी चालते. काँक्रीट मिक्सर चालत नाही, कारण तो नुसतं ढवळतो, दाबून मळत नाही. गूळ, हिरडा, बेलफळ यांचं पाणी घालायची जुनी रीत आहे. गूळ जास्त झाला तर चुना धरायला वेळ लागतो, त्यामुळे आधी छोट्या तुकड्यावर नमुना करून बघावा. (गूळ कोल्हापूरचाच हवा हा आग्रह आपल्या समाधानासाठी ठीक आहे, चुन्याला त्याचं काही नाही.)

जुना सांधा उकरताना खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट तरी हवी, २५ मिलिमीटरपेक्षा कमी नको. छिन्नी-हातोडी वापरावी, ग्राइंडर दगडाच्या कडा कापतो. सांधा धुऊन ओला करायचा, चुना पंधरा-वीस मिलिमीटरच्या थरांत दाबून भरायचा, आणि वर ओलं गोणपाट बांधून दहा ते चौदा दिवस ओल टिकवायची. इथेच काम फसतं. ठेकेदार चौथ्या दिवशी पुढच्या बुरुजावर गेलेला असतो, गोणपाट वाळतं, चुना भेगाळतो आणि मग 'चुना टिकत नाही, सिमेंटच बरं' असा निष्कर्ष निघतो. पन्हाळ्यासारख्या जागी हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावं. एप्रिल-मेच्या उन्हात चुना फार लवकर सुकतो, आणि मार्चअखेर कामं उरकायच्या घाईत भरलेला सांधा जूनच्या पहिल्या पावसातच धुऊन जातो. मंजुरी दिवाळीआधी हातात यायला हवी. ती येत नाही, हे दुखणं जुनं आहे.

तटातली पिंपळाची, वडाची, उंबराची रोपं दरवर्षी कापली जातात आणि दरवर्षी जास्त जोमाने फुटतात, कारण वरून कापल्याने आतलं मूळ जाड होत जातं. उपटायला गेलं तर मूळ दगड घेऊनच बाहेर येतं. खोड बुंध्याशी कापून काही मिनिटांच्या आत ताज्या कापावर तणनाशकाचं द्रावण लावायचं, पुढचा हंगाम वाट बघायची, मूळ खरोखर मेलं की सांधा उघडून ते काढायचं आणि पोकळी चुन्याने भरायची. पावसात हे करू नये, औषध धुऊन जातं आणि खालच्या टाक्यात किंवा विहिरीत उतरतं.

हे सगळं झाल्यावर मग गर्दी. गडावर गाडी न्यायची की नाही, याचा हिशेब भावनेत न अडकता करता येतो. येण्या-जाण्याच्या जागेसकट एका मोटारीला साधारण २५ चौरस मीटर लागतात. ४०० मोटारी म्हणजे १०,००० चौरस मीटर, पूर्ण एक हेक्टर. ती जागा गडावर सपाट करायची म्हणजे डोंगरावर एक हेक्टरचं छप्पर घातल्यासारखं आहे. त्यावर पडलेलं सगळं पाणी एकाच कड्याकडे धावणार. वाहनतळ खाली वाघबीळच्या बाजूला आणि वर मिनीबस, हा पर्याय म्हणून योग्य वाटतो. समजा रविवारी ३०० मोटारींतून प्रत्येकी चार, म्हणजे १२०० माणसं आली आणि त्यांची येण्याची वेळ चार तासांत विभागली. तासाला ३०० माणसं, २५ आसनांच्या बारा फेऱ्या, म्हणजे दर पाच मिनिटांनी बस. चढ-उताराचा वेळ धरून एका फेरीला चाळीस मिनिटं लागली तर आठ गाड्या आणि राखीव एक-दोन.

अशा योजना बसच्या संख्येमुळे फसत नाहीत. वर गाडी लावायचं शुल्क बसच्या तिकिटांपेक्षा कमी ठेवलं की कुणी बसमध्ये बसत नाही. शेवटची बस सूर्यास्ताआधी सुटली की पुसाटी बुरुजावर मावळतीला थांबलेले लोक अडकतात आणि पुढच्या वेळी गाडीच आणतात. थांबा बाजारपेठेला वळसा घालून ठेवला तर झुणका-भाकर विकणाऱ्या मावशींचा धंदा बसतो, आणि मग विरोध होतो तो रास्तच असतो. थांबा बाजारातून चालत जावं लागेल असाच हवा. गडावर राहणाऱ्यांना पास, रुग्णवाहिकेला आणि मालाच्या टेंपोला ठरलेल्या वेळा, हे पहिल्या दिवसापासून लेखी हवं.

संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. पन्हाळ्यावर स्मारकंच इतकी जवळजवळ आहेत की एकाचं क्षेत्र दुसऱ्यात मिसळतं, आणि लोकांना आपल्या घराचं कौलही बदलता येणार नाही असं वाटतं. दुरुस्तीला परवानगी मिळू शकते, नव्या बांधकामाची गोष्ट वेगळी. पण अर्ज कुठे करायचा, सोबत कोणते नकाशे जोडायचे हे मराठीत एका पानावर लिहून नगरपरिषदेच्या भिंतीवर लावलं तर निम्मा राग तिथेच ओसरेल. जे लोक तीनशे पासष्ट दिवस तटाशेजारी राहतात, त्यांना तटाचा शत्रू करून कुठलाही किल्ला राखता येत नाही.

खिद्रापूरला पाण्याचा प्रश्न उलटा आहे. कोपेश्वराचं मंदिर कृष्णेच्या काठी आहे आणि २०१९, २०२१ या दोन्ही वर्षी शिरोळ तालुक्याने महापूर पाहिला. पूर ओसरल्यावर गाळ ओला असतानाच काढायचा, लाकडी फळीने किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने. वाळला की तो कोरीवकामाच्या खाचांत घट्ट बसतो आणि मग लोक तारेचा ब्रश नाहीतर प्रेशर पंप आणतात. दोन्हींनी नक्षीची धार जाते. कमी दाबाचं साधं पाणी आणि मऊ कुंचा पुरतो. नंतर पंखे, हॅलोजन लावून घाईने वाळवू नये, क्षार पृष्ठभागावर येऊन दगडाची साल निघते.

स्वर्गमंडपाचे ४८ खांब आणि वरचं गोल मोकळं आभाळ आता सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. त्रिपुरारी पौर्णिमेला तिथे गर्दी होते, पणत्या लागतात. पणत्यांना विरोध नाही. पण तेल दगडाच्या सांध्यात उतरलं की निघत नाही, त्यावर धूळ बसून काळा चिकट थर होतो. प्रत्येक पणतीखाली वाळू भरलेली थाळी ठेवावी, खांबाच्या बैठकीवर आणि हत्तींच्या थरावर एकही पणती नको. सांडलंच तर त्याच रात्री मुलतानी मातीचा लेप लावून ठेवावा. वाळताना तो तेल ओढून घेतो. साबण-सोडा मारून घासू नये.

अंबाबाईच्या देवळात पाणी माणसांच्या श्वासातून येतं. उभा माणूस तासाला पन्नास ग्रॅमच्या आसपास बाष्प सोडतो आणि साधारण शंभर वॉटच्या दिव्याएवढी उष्णता देतो. शंभर माणसं आत असली तर तासाला पाच लिटर पाणी हवेत जातं, त्यात समया आणि कापूर. गाभाऱ्याला खिडकी नसते. मूर्तीचं रासायनिक संवर्धन २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याने केलं. असं संवर्धन पुन्हा पुन्हा करावं लागू नये यासाठी आतली आर्द्रता सतत मोजणारी यंत्रं आणि त्यानुसार आत सोडायची संख्या, एवढं तरी हवं. दर्शनाला प्रत्येकी तीन सेकंद धरले तर तासाला १२०० माणसं होतात. नवरात्रात येणारे त्याच्या कितीतरी पट असतात. म्हणून थांबायची जागा आत न ठेवता बाहेर, हवेशीर आणि बसायला बाक असलेली हवी. भिंतीला संगमरवर किंवा टाइल लावणं तर नकोच, ओल मागे कोंडते.

किरणोत्सवाला ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबर या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून मूर्तीपर्यंत जातात. २१ डिसेंबरपासून सारख्याच अंतरावरचे हे दोन काळ, त्यामुळे सूर्य दोन्ही वेळा पश्चिमेपासून दक्षिणेला साधारण अठरा अंशांवर मावळतो. म्हणजे या देवळाचा एक भाग आवाराबाहेर, महाद्वार रोडवरच्या आकाशात आहे. किरणांच्या रेषेत १०० मीटरवर एक मीटर उंचीची वस्तू वाढली तर ती सुमारे अर्धा अंश झाकते, आणि सूर्याला तेवढं उतरायला अडीच मिनिटं लागतात. सगळा सोहळाच काही मिनिटांचा, त्यात अडीच मिनिटं गेली तर उरतं काय? भाविकांसाठी वाढवलेल्या लॉजच्या गच्चीवर पाण्याची टाकी बसते, तिच्यावर लोखंडी सांगाड्यात नावाचा फलक लागतो, मध्ये केबल लोंबते. दर सोहळ्याच्या आधी शिडी घेऊन अडथळे काढत फिरण्यापेक्षा या रेषेचं एकदा मोजमाप करून प्रत्येक मिळकतीची कमाल उंची, टाकी आणि फलक धरून, बांधकाम परवान्यातच लिहिली जावी. टाकी गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवायला प्लंबरला एक दिवस पुरतो.