सातबाऱ्यावरची मी

ऑक्टोबरात भावाचा फोन आला. "ताई, आधार कार्ड घेऊन ये. तुझी सही लागती."

लग्नाला अठरा वर्षं झाली. वडील, म्हणजे आमचे नाना, गेल्यावर वारसनोंद झाली, आई, भाऊ आणि आम्हा दोघी बहिणींची नावं सातबाऱ्यावर चढली. एक हेक्टर वीस आर, परांडा तालुक्यात, सीनेच्या काठाला. रानात काय पेरायचं, बोअर कुठं पाडायचं, हे मला कधी कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही कधी विचारलं नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना रानात शिरली. मी पोचले तोवर पाणी ओसरलं होतं. सोयाबीन गाळानं राखाडी होऊन आडवं पडलेलं. एक शेंग सोलली तर आतल्या दाण्याला पांढरा मोड, आणि वास असा की हात दोनदा धुतला तरी जाईना. तलाठी आणि कृषी सहायक पंचनामा करून गेले होते. भावाला चिखलात उभं करून फोटो काढला म्हणे. "हसू नका" असंही सांगितलं!

७ ऑक्टोबरला सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. भावानं कॅल्क्युलेटर काढला. कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, म्हणजे आमचे १०,२००. रब्बीच्या बियाण्याला हेक्टरी १०,००० वेगळे. २०२४ मध्ये हाच कोरडवाहूचा दर १३,६०० होता, तो मधल्या काळात खाली आणलेला. ८,५०० म्हणजे एकरी ३,४००. त्यातली डीएपी खताची गोणीच १,३५० ची. बियाणं, फवारणी, खुरपणी, सगळं उरलेल्या २,०५० मध्ये बसवून दाखवा.

पण एवढे पैसे मिळायलाही अडचण, जमिनीचं खातं सामाईक. अनुदान भावाच्या खात्यावर जमा करायला आमची हरकत नाही, असं आम्ही तिघींनी लिहून द्यायचं. धाकटीच्या नवऱ्यानं त्या संमतीपत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला, तीनदा वाचला, मग विचारलं, "हे हक्कसोड तर नाही ना?" भाऊ चिडला. मला मात्र दाजींचा राग आला नाही. बहिणींच्या सह्या गावात बहुतेक वेळा कशासाठी लागतात, ते सगळ्यांनाच माहीत आहे.

सेवा केंद्रात पुढचं लफडं. सातबाऱ्यावर माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. केंद्रावरचा पोरगा म्हणाला, "ह्या दोन बाया एकच कशावरून?" शेवटी आईनं ट्रंकेतून माझी लग्नपत्रिका काढून आणली. हळदीचा डाग तसाच होता. ती लावून प्रतिज्ञापत्र केलं, दोन्ही नावांची मी एकच असल्याचं. तोवर सर्व्हर बंद पडला. दुसऱ्या दिवशी परत गेलो.

सही करताना मनात आलं, नानांच्या रानाबद्दल मला पहिल्यांदा कुणीतरी संमती विचारतंय, आणि तीही बुडालेल्या पिकासाठी. भावाला बोलले नाही. पेरणी, खुरपणी, उसनवारी सगळी त्याची. मी फक्त सणाला जाऊन डाळ आणि ज्वारी घेऊन येते.

भाऊबीजेला पैसे आलेले नव्हते. त्यानं ताटात दरवर्षीसारखेच ५०० टाकले. मी नको म्हटलं, त्यानं ऐकलं नाही.

नोव्हेंबरात त्याच्या फोनवर १०,२०० जमा झाल्याचा मेसेज आला. त्यानं तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "रब्बीचे यायचेत. परत सही लागली तर सांगतो. पत्रिका आईनं बाहेरच ठेवलीय."