मेंडेल्सोनची ‘स्कॉटिश’ : पहिल्या व्हायोलिनची सरावनोंद

जर्मन संगीतकार मेंडेल्सोनच्या ‘स्कॉटिश’ सिम्फनीची पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग, आता न अडखळता शेवटपर्यंत जाते. लय अजून बेताचीच आहे, पण सहा-आठचा (६/८ तालाचा) झोका हातात बसलाय.

सुरुवातीची संथ धून ओबो (एक फुंकवाद्य) आणि व्हिओलांकडे (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या स्वराचं वाद्य) असते, आपण नुसतं ऐकायचं. तरी ती मी आधी गळ्यात बसवली आणि त्याचा फायदा झाला. पाश्चात्त्य ‘ए’ हा स्वर सा धरला तर ती उठते प सा रे आणि कोमल गंधारावर. पुढे वेग वाढतो, तेव्हा क्लॅरिनेटसोबत आपल्याला मिळणारी धूनही याच चार स्वरांनी उठते. हे कळल्यापासून तिथे माझा गज दबत नाही. ती जागा कुजबुजल्यासारखीच वाजायला हवी.

हे बीज सापडलं ३० जुलै १८२९ ला, एडिनबरात. वीस वर्षांचा मेंडेल्सोन संध्याकाळी होलीरूडचा राजवाडा बघायला गेला होता. शेजारच्या चॅपलला छप्पर नाही, आत गवत आणि आयव्ही माजलेली. आपल्या स्कॉटिश सिम्फनीची सुरुवात इथेच मिळाली, असं त्यानं घरी कळवलं. पुढे इटलीच्या उन्हात त्याला ते धुकं काही पुन्हा पकडता येईना. सिम्फनी पुरी झाली थेट १८४२ मध्ये. त्याच्या पाच सिम्फनींत सगळ्यात शेवटी, तरी क्रमांक तीन! गंमत म्हणजे संगीतकार शुमानसारख्या जाणत्या माणसानं हीच मेंडेल्सोनची दुसरी सिम्फनी, ‘इटालियन’, समजून तिच्यात इटलीचं वर्णन शोधलं होतं. त्यामुळे धुकं, डोंगर वगैरे मी सरावात फारसं मनावर घेत नाही.

दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये क्लॅरिनेटची धून जवळजवळ भूपाच्या पाच स्वरांतच फिरते. (म्हणून लगेच ‘पूर्व-पश्चिम संगम’ म्हणायचं कारण नाही, असे पाच स्वर जगभर सापडतात.) तिच्याखालचे आपले जलद, हलके स्वर मात्र जीव काढतात. गजाच्या मधोमध, मनगटातून, अगदी थोडा गज वापरला तरच स्वच्छ येतात. अडाजिओला, म्हणजे तिसऱ्या संथ मूव्हमेंटला, अजून हात लावलेला नाही.

शेवटचा मेजरमधला (शुद्ध गंधाराचा) भाग अनेकांना चिकटवल्यासारखा वाटतो. कंडक्टर क्लेम्पेररनं तर तो गाळून स्वतः लिहिलेला मायनरमधला (कोमल गंधाराचा) शेवट वाजवला होता. मला मूळचाच आवडतो. इतक्या झटापटीनंतर मोठ्यानं गायला मिळतं. त्याआधीच्या उड्या पुढच्या सरावात, मेट्रोनोम लावून.