स्ट्रिंग ऑर्केस्ट्रासाठी यमन लिहिताना

सतारीसोबत स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा घ्यायचा ठरला तेव्हा रागाच्या आधी पट्टीचा प्रश्न आला. माझी सतार काळी एकला, म्हणजे सी शार्पला, लागते. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए आणि ई. काळी एकला त्यातली एकही तार सा किंवा प देत नाही, त्यामुळे आवाज कोंडतो. म्हणून सतार पांढरी दोनला चढवली. सा म्हणजे डी, प म्हणजे ए, दोन्ही मोकळ्या तारा. तरफांसकट (मुख्य तारांखालच्या, आपोआप गुंजणाऱ्या तारा) सगळं अर्धा स्वर वर नेलं की वाद्य काही दिवस स्थिर राहत नाही, ते सोसलं.

अशा वेळी किरवाणी राग घेणं सोयीचं. तो पाश्चात्त्यांच्या हार्मोनिक मायनर स्केलवर बरोबर बसतो, आणि म्हणूनच फ्यूजनवाल्यांनी त्याचा पार भुगा केलाय. मला यमन हवा होता.

घोळ तिथेच झाला. डीचा यमन स्टाफवर लिहिला की तीन शार्प (स्वर अर्धा चढवायच्या खुणा) येतात, म्हणजे वादकाच्या डोळ्यांना सरळ ए मेजर, ए हेच घर असलेलं स्केल. पहिल्या तालमीत चेलो वाजवणाऱ्या गोव्याच्या काकांनी विचारलं, "हे ए मेजर ना? मग ए वर येऊन थांबणार कधी?" प्रश्न रास्त होता. त्यांच्या कानाला यमनातला तीव्र (चढा) मध्यम पंचमाकडे ढकलतो आणि पंचम हेच घर वाटतं. खाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, दिले तर ही ओढ आणखी वाढते. प, नी, रे एकत्र वाजवले की ए मेजरचा कॉर्ड झाला आणि षड्ज पाहुणा. स्वर सगळे यमनचे, पण यमन कुठेच नाही.

शेवटी कॉर्ड जवळजवळ सगळे काढून टाकले. चेलो आणि डबल बासकडे सा-प, व्हायोलाकडे मंद निषाद. व्हायोलिनच्या दोन्ही गटांना एकच ओळ दिली, फक्त दुसरा गट किंचित मागून येतो, ख्याल गाणाऱ्यामागून सारंगी येते तसा. रविशंकरांनी १९७१ मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि कंडक्टर आंद्रे प्रेव्हिन यांच्याबरोबर सतारीचा पहिला कॉन्चेर्टो (एक वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) केला, त्यातही कॉर्डचे थर फारसे नाहीत. पूर्वी मला तो बेत भिडस्त वाटायचा. आता तसं म्हणवत नाही.

मींडेने, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याने, सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. नोटेशनमध्ये तिच्यासाठी एक तिरकी रेघ असते. ती दिसली की व्हायोलिनवाले पहिला स्वर पूर्ण धरतात आणि शेवटच्या क्षणी घसरतात. यमनातली प-रे ची मींड अशी येऊन कशी चालेल? त्यात आणखी एक गंमत: मोकळ्या तारेवरून मींड काढताच येत नाही, घसरायला बोटच नसतं. ज्या ए तारेसाठी सतार चढवली, तीच इथे वर्ज्य! पंचम डी तारेवर बोटाने धरायचा आणि त्याच बोटाने रिषभापर्यंत यायचं. मी गाऊन दाखवत गेलो, त्यांनी आपापल्या पानांवर पेन्सिलीने खुणा केल्या. व्हायब्रॅटो (बोट हलवून स्वर थरथरवणं) मात्र मुळीच नको, हे दर तालमीत नव्याने सांगावं लागलं.

मधल्या चहाला काकांनी गोव्यातल्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांचा, हिंदी सिनेसंगीतातल्या व्हायोलिनवादक-संयोजकांचा, विषय काढला. १९५८ साली त्यांनी मुंबईत रागांवर आधारलेली रचना मोठ्या ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतली, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. आपण काही नवीन करतोय हा माझा तोरा तिथेच उतरला.

ताल झपताल, दहा मात्रांचा. कंडक्टरने प्रत्येक आवर्तनाचे पाच-पाच मात्रांचे दोन बार केले, दोन-तीनचा विभाग बाणांनी दाखवला. माझ्या उपजेच्या (आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्याच्या) भागात ऑर्केस्ट्रा एकच आवर्तन घोळवत राहतो. तो थांबणार कधी, हे कागदावर लिहिता येत नाही. म्हणून सात मात्रांची तिहाई, म्हणजे तीनदा वाजणारा तुकडा, ठरवली. समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) उचलली की तिची एकविसावी मात्रा तिसऱ्या समेवर पडते. तिचा पहिला पल्ला ऐकला की कंडक्टर डावा हात वर करतो, आणि सगळे त्या समेवर थांबतात.

कार्यक्रमात हे जमलं. आलापात मात्र माईकवरची सतार आणि बिनमाईकचे चेलो दोन वेगळ्या खोल्यांतून आल्यासारखे वाटत होते. पुढच्या वेळी आलाप एकट्या सतारीचा ठेवणार आहे, ऑर्केस्ट्रा गतीपासून, म्हणजे तालातली रचना सुरू झाल्यावर.