४३ इंच, आठ फूट आणि खोक्यावरचं ‘फोर के’

टीव्ही घ्यायचा ठरल्यावर मी दुकानाआधी मेजर टेप गाठली. बैठकीची खोली १० बाय १२. एका भिंतीला टीव्ही, समोर दिवाण. बसणाऱ्याच्या डोळ्यापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंतचं अंतर भरलं ८ फूट. जळगाव-भुसावळकडच्या बऱ्याच घरांत अंतर एवढंच निघेल. हा आकडा खिशात असला की निम्मी खरेदी घरीच होते.

आता पिक्सेलचा, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांचा हिशोब. साध्या चॅनेलचं चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख ठिपके. ‘एचडी रेडी’ टीव्हीचा पडदा बहुतेक वेळा १३६६ बाय ७६८, साडेदहा लाखांच्या आसपास. फुल एचडी १९२० बाय १०८०, पावणेएकवीस लाख. फोर के ३८४० बाय २१६०, जवळजवळ ८३ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. दुकानदार सांगतो ते इथपर्यंतच.

तो सांगत नाही ते असं, की डोळ्यालाही मर्यादा आहे. चांगल्या नजरेचा माणूस १ मीटरवरून साधारण ०.२९ मिलिमीटरचा ठिपका वेगळा ओळखतो. ८ फुटांवरून हीच मर्यादा ०.७ मिलिमीटरवर जाते. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. फुल एचडी असेल तर त्याचा एक पिक्सेल अर्धा मिलिमीटर, फोर के असेल तर पाव. दोन्ही मर्यादेच्या आतच, म्हणजे ठिपके वेगळे दिसतच नाहीत. ५५ इंची फुल एचडीचा पिक्सेलही ०.६३ भरतो. म्हणजे निव्वळ ठिपक्यांच्या हिशोबाने ८ फुटांवरून फोर केचा फायदा ६५ इंचांपासून पुढे दिसायला लागतो.

तरीही मी ४३ इंचात फोर केच घेतला, कारण घरातली पोरं दिवाणावर बसत नाहीत. ती खाली सतरंजीवर, पडद्यापासून ४ फुटांवर बसतात. तिथून मर्यादा ०.३५ मिलिमीटरची, फुल एचडीचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका त्यांना जाणवतो, फोर केचा नाही. शिवाय चांगला प्रोसेसर आणि जास्त उजेड कंपन्या फोर के मॉडेलमध्येच देतात. हीच खोली १४ फूट लांब असती आणि पोरं मोठी असती, तर फरकाचे पैसे पडद्याच्या आकारावर घातले असते.

दुकानातली खरी अडचण ‘फोर के सपोर्ट’ या दोन शब्दांत आहे. नाव नसलेल्या स्वस्त ब्रँडच्या ३२ आणि ४० इंची खोक्यांवर हे हटकून छापलेलं असतं. अर्थ एवढाच, की फोर केची फाइल तो टीव्ही वाचेल आणि मग लहान करून आपल्या १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर दाखवेल. ‘भो, फोर के आहे, डोळे झाकून न्या’ असं मला एका काउंटरवर ऐकवलं गेलं. टीव्ही डोळे झाकून न्यायचा, हे मात्र पहिल्यांदाच कळलं. खोक्यावर ‘सपोर्ट’ सोडून द्या आणि ‘पॅनेल रिझोल्यूशन’ किंवा ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’ ही ओळ शोधा; पॅनेलवर, म्हणजे खुद्द पडद्यावर, किती ठिपके आहेत ते तीच सांगते. ती नसेल तर मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून पाहा.

त्यावरही विश्वास नसेल तर मोजता येतं. पडदा पूर्ण पांढरा करायला सांगायचा, प्लॅस्टिकची पट्टी न दाबता नुसती टेकवायची आणि मोबाइल अगदी जवळ नेऊन झूम करून फोटो काढायचा. लाल-हिरव्या-निळ्या तीन रेघांचा एक गट म्हणजे एक पिक्सेल. ४३ इंचात १ सेंटिमीटरमध्ये सुमारे २० गट भरले तर फुल एचडी, ४० भरले तर फोर के. ३२ इंची एचडी रेडीत १९ येतात. दुकानदार थोडा चमकतो, पण कोणी अडवत नाही.

दुकानाची स्वतःची डेमो फीत पाहून ठरवू नये. तिच्यात फुलं, समुद्र, संथ कॅमेरा आणि रंग भडक केलेले असतात. त्यावर कुठलाही टीव्ही छान दिसतो. मी पेन ड्राइव्ह नेला होता. त्यात वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या पानाचा, मोबाइल टेकवून फोर केमध्ये काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ होता. टीव्हीवर तो थांबवून एका फुटावरून अक्षरं वाचायची. व्हिडिओच न्यायचा, फोटो नाही. कारण कित्येक अँड्रॉइड टीव्ही फोटो दाखवताना फुल एचडीतच दाखवतात आणि चांगल्या पॅनेलवर उगाच संशय येतो. पेन ड्राइव्ह ‘फॅट ३२’ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर चढत नाही, हेही घरीच बघून घ्यावं.

सोबत एक जुनी खान्देशी विनोदाची व्हीसीडीवरून उतरवलेली क्लिपही ठेवली होती. घरातल्या वडीलधाऱ्यांना तीच लागते. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, जेमतेम १ लाख ठिपके. फोर के पडद्यावर त्यातला एकेक ठिपका ऐंशीएक ठिकाणी पसरावा लागतो. मोठ्या आणि महागड्या पडद्यावर हे चित्र लहान टीव्हीपेक्षा वाईट दिसतं आणि त्याला इलाज नाही. डीडी फ्री डिशवरचे बहुतेक चॅनेलही साध्या दर्जाचेच आहेत. घरात तेवढंच बघत असाल तर ३२ इंची एचडी रेडी पुरे.

घरी आल्यावर सिग्नल तपासायचा. पॅनेल, सिग्नल आणि अंतर या तिघांत जो कमी, तेवढंच चित्र आपल्याला मिळतं. सेट टॉप बॉक्स एचडी असूनही पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी जोडला तर चित्र साधंच येणार. एचडीएमआय केबलच हवी. बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट कित्येकदा ५७६ किंवा ७२० वर पडून असतं, ते १०८०आय करावं, कारण आपल्याकडचे एचडी चॅनेल त्यातच येतात. यूट्यूब चालू असताना गिअरच्या चिन्हात जाऊन ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ लावलं की सध्या किती पिक्सेल येताहेत ते पडद्यावरच दिसतं. नेटफ्लिक्स फुल एचडीला ५ आणि फोर केला १५ एमबीपीएस वेग मागतं; फोर केमध्ये तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा. स्वस्त टीव्हीला नेटफ्लिक्सचं प्रमाणपत्र नसेल तर पॅनेल कितीही चांगलं असो, चित्र साध्या दर्जावरच अडकतं.

एलईडी टीव्हीचे पॅनेल मुख्यतः दोन जातींचे, व्हीए आणि आयपीएस. व्हीएमध्ये काळा रंग गडद, पण बाजूने बघितलं की चित्र फिकट. आयपीएस बाजूनेही बरं दिसतं, मात्र अंधारात काळा राखाडी वाटतो. आमच्याकडे पाहुणे आले की कडेच्या खुर्च्याही भरतात, म्हणून आयपीएस. पश्चिमेची भिंत टाळली. बहुतेक टीव्हींच्या पुस्तिकेत वापराचं तापमान ४० अंशांपर्यंत दिलेलं असतं आणि मे महिन्यात भुसावळ त्याच्या वर असतं. मागे ३-४ इंच हवा खेळायला जागा ठेवली.

सेटिंगमध्ये ‘व्हिव्हिड’ काढून ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ लावलं. शार्पनेस इतका उतरवला की अक्षरांभोवतीची पांढरी कड नाहीशी झाली. चित्राच्या कडा कापल्या जात असतील, चॅनेलचा लोगो अर्धा दिसत असेल, तर ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ लावावं. नाहीतर टीव्ही चित्र ताणतो आणि एकास एक पिक्सेल जुळत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे; बिलावर तो बघून घ्यावा. गावी नेताना खोकं पिकअपमध्ये उभंच बांधायचं. आडवं ठेवलं तर खड्ड्यात काच स्वतःच्याच वजनाने लवते, आणि तडा वॉरंटीत बसत नाही. बसवायला आलेला माणूस जाण्याआधी लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा असे पाच कोरे पडदे लावून मेलेला ठिपका शोधावा आणि सापडला तर त्याच्याकडून तिथेच लिहून घ्यावं.