शनिवारी दुपारी दीड वाजता

जानेवारी १९९९ मध्ये ताईची मेल आली. रेडिओवर तिला वेळ मिळाली होती, शनिवारी पहाटे ३ ते ६. नव्या मुलांच्या वाट्याला हीच वेळ येते म्हणे. शेवटी एकच ओळ: ‘ऐकशील?’

ताई तेव्हा अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलला शिकत होती. डब्ल्यूएक्सवायसी, ८९.३ एफएम हे तिथल्या विद्यापीठातलं, विद्यार्थ्यांनी चालवलेलं स्टेशन. पुण्यात बसून ते ऐकता येणार होतं, कारण ७ नोव्हेंबर १९९४ लाच त्या मुलांनी आपलं प्रसारण इंटरनेटवर सोडलं होतं. कॉर्नेल विद्यापीठात संगणकावरून समोरासमोर बोलण्यासाठी केलेला सीयू-सीमी नावाचा प्रोग्रॅम त्यांनी रेडिओसाठी वापरला. इंटरनेटवर आलेलं पहिलं रेडिओ स्टेशन म्हणून त्याचं नाव घेतात. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटायचा, जणू मीच तिथे होतो.

आमच्याकडे फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडणारा, ३३.६ केबीपीएसचा मोडेम होता. प्रत्यक्षात लाइन २६च्या पुढे क्वचितच जायची. इंटरनेटवरचा आवाज वाजवणारा रिअलप्लेअर हा प्रोग्रॅम डाउनलोड करण्यात एक अख्खी रात्र गेली. दोनदा लाइन तुटली आणि दोन्ही वेळा पहिल्यापासून सुरुवात केली. वेळेचं गणित सोपं वाटलं. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, म्हणजे त्यांचे पहाटेचे ३ म्हणजे आपली दुपारची दीड.

पहिल्या शनिवारी एक वाजल्यापासून डायल करत होतो. नंबर एंगेज. अकराव्या वेळी मोडेमची ती किरकिर झाली आणि जोडणी मिळाली. पडद्यावर ‘बफरिंग’. प्लेअर आधी काही सेकंदांचा आवाज साठवून घेतो आणि मगच वाजवतो. साठा संपला की पुन्हा थांबतो. त्यामुळे बाकी सगळ्या खिडक्या बंद केल्या. आतल्या खोलीतला फोन कुणी उचलला की लाइन जायची, म्हणून त्याच्यावर उशी ठेवली आणि आजीला तीनदा बजावलं.

मग गिटार ऐकू आली. पाण्याखालून यावी तशी, पण गिटारच. गाणं संपलं आणि ताई बोलली. दर तासाला स्टेशनचं नाव आणि गाव सांगणं तिकडे कायद्याने बंधनकारक आहे, ते तिने सांगितलं. मग हवामान, फॅरनहाइटमध्ये. घरात कधी इतकं सावकाश न बोललेली आमची ताई! नंतर तिने जुना जॅझ लावला, त्यावर आफ्रिकेतलं काहीतरी, त्यावर नुसता गोंगाट असलेलं एक गाणं. तिथे काय लावायचं ते बरंचसं मुलंच ठरवतात, आणि मला तेच सगळ्यात आवडलं.

आई शनिवारीही ऑफिसात असायची. म्हणून साउंड कार्डातून वायर काढून टेपरेकॉर्डरला जोडली आणि नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर रेकॉर्डिंग सुरू केलं. संध्याकाळी आई गाणी पुढे ढकलून फक्त बोलणं ऐकायची. ‘सर्दी झालीय तिला,’ एवढंच म्हणायची. आयएसडीवर, म्हणजे परदेशी फोनवर, दोन मिनिटांत हे कळलं नसतं.

एप्रिलमध्ये एक शनिवार हुकला. दीडला लावलं तर तिचा एक तास होऊन गेलेला. अमेरिकेत ४ एप्रिलला घड्याळं एक तास पुढे सरकली होती, हे आमच्या गावीही नव्हतं. तेव्हापासून कॅलेंडरवर एप्रिलमधल्या पहिल्या आणि ऑक्टोबरमधल्या शेवटच्या रविवारी लाल खूण करू लागलो.

जानेवारी २००० मध्ये त्या भागात एका रात्रीत जवळजवळ वीस इंच बर्फ पडला. ताईच्या घरची वीज गेली. तिचा फोन नुसता वाजत राहायचा आणि मेलला उत्तर नव्हतं. त्या शनिवारी आईने सुट्टी घेतली. सव्वापासून ती माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली होती. बफरिंग, मग एक लांबलचक गाणं, पुन्हा बफरिंग. मधेच लाइन गेली, परत जोडली. दोन वाजायला आले तरी बोलणं नाही.

दोनला तीन-चार मिनिटं असताना गाणं थांबलं. ‘डब्ल्यूएक्सवायसी, चॅपल हिल.’ आवाज बसलेला होता, पण तिचाच.

आई उठली आणि फोनवरची उशी नीट सरळ केली.