थोडं कमी करा

जपानमधल्या योचिएनमध्ये, म्हणजे तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या बालवाडीत, इंग्रजी शिकवायला आलं की करारात तास, सुट्ट्या, विमा सगळं कलमवार लिहून मिळतं. दुपारी मुलांबरोबर बसून जेवायचं, ही ओळ कुठेतरी तळाशी असते. वाचताना वाटतं, चला, डब्याची कटकट मिटली. तसं काही नसतं. इंग्रजीच्या तासाला मला निदान चित्रांच्या पत्त्यांचा आधार असतो. जेवायला बसलं की हातात फक्त चॉपस्टिक्स, आणि त्याही मुलांच्या देखरेखीखाली.

जेवणाआधीची तयारी जेवणापेक्षा लांब चालते. हात धुवायचे, गुळण्या करायच्या, मग प्रत्येकाने आपापल्या पिशवीतून छोटं कापड, पेला आणि चॉपस्टिक्सची डबी काढायची. ह्या डबीचं सरकतं झाकण हा तीन वर्षांच्या बोटांसाठी मोठा प्रकल्प असतो. डबी पोटाशी दाबून धरायची, जीभ बाहेर काढायची, जोर लावायचा, आणि झाकण एकदम सुटलं की चॉपस्टिक्स शेजारच्याच्या मांडीवर. त्या दिवशी कामाची पाळी असलेली दोन मुलं पांढरा एप्रन आणि टोपी घालून फिरतात. भाताची वाटी डावीकडे, सूप उजवीकडे. कुणाचं उलटं असलं की न बोलता बदलून पुढे जातात. माझीही वाटी एकदोनदा अशीच बदलली गेली आहे.

डाव्या हाताचं प्रकरण वेगळंच. लहानपणी डावा हात ताटाला लागला की आजी डोळे वटारायची, त्यामुळे जेवताना तो आपसूक मांडीवर जाऊन बसतो. इथे तो मांडीवर असणं वाईट वळणाचं लक्षण. डाव्या हाताने वाटी उचलून धरायची असते. समोरची चार वर्षांची मुलगी आधी माझ्या मांडीकडे बघते, मग माझ्या तोंडाकडे, आणि म्हणते, ‘सेन्सेई’, म्हणजे बाई, ‘हात.’ आजी आणि ही मुलगी एका पंगतीला बसल्या तर माझं काय होईल कोण जाणे.

जेवण हा इथे चक्क शिकवायचा विषय आहे. खाण्यापिण्याच्या शिक्षणासाठी ह्या देशाने २००५ मध्ये कायदाच केला. महिनाभराचा मेनू छापून घरी जातो आणि त्यात जिन्नस तीन रंगांत वाटलेले असतात : अंग भरणारे लाल, ताकद देणारे पिवळे, तब्येत ठीक ठेवणारे हिरवे. वर्गातल्या फळ्यावर मुलं रोज त्याप्रमाणे चुंबकाची चित्रं लावतात. ह्याने माझ्या रंगांच्या धड्याची पार वाट लावली आहे. भाताचं चित्र दाखवून ‘व्हॉट कलर?’ विचारलं की अख्खा वर्ग ओरडतो, ‘यलो!’ दूध? ‘रेड!’ ठणठणीत आत्मविश्वासाने. भात पांढरा असतो हे सांगायला गेलं की मुलं माझ्याकडे कीव आल्यासारखी बघतात.

स्वयंपाकघराची शिस्त तर विचारूच नका. मुलांच्या पानात पडण्याआधी जेवण मुख्याध्यापिका चाखून बघतात. प्रत्येक पदार्थाचा साधारण ५० ग्रॅम नमुना उणे २० अंशांत दोन आठवडे ठेवलेला असतो. १९९६ मध्ये साकाई शहरात शाळेच्या जेवणातून हजारो मुलांना विषबाधा झाली, त्यानंतर हे सगळं फार कडक झालं. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचा ट्रे वेगळ्या रंगाचा, त्यावर नाव, आणि देताना दोघींनी ते मोठ्याने वाचायचं. चेरी टोमॅटोसुद्धा चार फोडी करून येतो, घशात अडकू नये म्हणून. (तीन ते पाच वर्षांच्या मुलांचं शिक्षण ऑक्टोबर २०१९ पासून मोफत झालं, पण जेवणाचे पैसे बहुतेक पालकांनाच भरावे लागतात. एवढा व्याप बघितला की त्याबद्दल कुणी फार कुरकुरत नसावं.)

पण माझा जीव ज्यात अडकलाय ती गोष्ट ह्या सगळ्यापेक्षा साधी आहे. सगळ्यांना वाढून झालं, की ‘इतादाकिमास’ म्हणून जेवायला सुरुवात करण्याआधी आमच्या वर्गात एक छोटी रांग लागते. हातात आपापली वाटी. ‘हेराशिते कुदासाई’, थोडं कमी करा. बाई विचारतात, किती? मूल बोटाने भातावर रेघ मारल्यासारखं दाखवतं, इथपर्यंत. बाई तेवढा काढून घेतात. ‘एवढा संपवशील?’ मूल वाटीत वाकून बघतं, विचार करतं, मान हलवतं. झाला करार. आता वाटीत उरलंय ते त्याचं.

श्लोक संपेपर्यंत ताटाला हात लावायचा नाही, हे आमच्याही घरी होतं. ताटात टाकायचं नाही, हेही होतं. फक्त ताटात किती पडणार, हे वाढणाऱ्याच्या हातात होतं. ‘अगं, एवढ्याशाने काय होतंय’ म्हणून पोळी पडायची, आणि मग तीच पोळी संपवली नाही म्हणून बोलणीही खावी लागायची. आग्रहात माया असते हे कबूलच, पण पोट कुणाचं, हा प्रश्न त्यात कुणी विचारत नाही. इथे तो साडेतीन वर्षांच्या मुलाला रोज विचारतात, आणि ते मूल गंभीरपणे उत्तर देतं. तीन मटार? तीन. पण ते तीन खायचे.

सगळंच गोड चालतं असंही नाही. कमी करून घेतलेला भोपळ्याचा एकच तुकडा समोर घेऊन बसलेलं मूल मी पाहिलंय, बाकीचे दात घासायला गेले तरी. पूर्वी म्हणे संपेपर्यंत उठूच देत नसत. आमच्या बाई तसं करत नाहीत, चाटून बघितलास ना, मग पुरे म्हणतात. मला तेही थोडं जास्तच वाटतं, पण मी इंग्रजीची बाई, मला कोण विचारतो?

माझ्याकडून अपेक्षा एवढीच, की जेवताना इंग्रजी बोलावं. पुस्तकात ह्या प्रसंगासाठी ‘मोअर, प्लीज’ आहे, आणि ते मुलांना एका दिवसात आलं. कमी मागायचा धडा कुठल्याच पुस्तकात नाही, तो मी घुसवला. आता मुलं ‘लेस, प्लीज’ म्हणतात, पण फक्त भाज्यांना.

कुणी गैरहजर असलं की जेली उरते. मग जान्केनपोन, म्हणजे दगड-कात्री-कागद. परवा एक जेली उरली होती. ‘कुणाला हवी?’ असं बाईंनी विचारायच्या आत पहिला हात वर झाला तो अर्धा भात परत करणाऱ्याचा. ‘अरे, तुझं पोट भरलं होतं ना?’ तो म्हणाला, ‘भाताचं भरलं.’ आणि जिंकलाही तोच.