पाठीशी घालणे आणि पाठीशी उभे राहणे

सोमवारी सकाळी मुलाच्या कार्यालयात फोन करून ‘त्याला रात्रीपासून ताप आहे, आज तो येऊ शकणार नाही’ असे सांगण्याचा मला इतका सराव झाला होता, की बोलताना माझा आवाज आपोआप काळजीचा होत असे. ताप मी कधी दोन दिवसांपेक्षा जास्त लांबवला नाही, कारण मग डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागितले गेले असते. ताप आणि पोटदुखी आलटूनपालटून सांगायची, एकच कारण लागोपाठ दोनदा द्यायचे नाही, हे सगळे मी माझे मीच ठरवले होते. मी आयुष्यभर हिशेबतपासणीचे काम केले, दुसऱ्यांच्या वह्यांतील खोट्या नोंदी शोधल्या. आणि फोन ठेवल्यावर, पलीकडच्या खोलीत कालच्याच कपड्यांत, बुटांसकट झोपलेल्या एकतीस वर्षांच्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालून मी दार हळूच लोटून घेत असे.

त्याच्या दारूच्या व्यसनाच्या या काळात मी त्याच्या पाठीशी उभा आहे, असेच मला वाटत होते. प्रत्यक्षात मी त्याला पाठीशी घालत होतो. आपल्या भाषेत हे दोन शब्दप्रयोग इतके शेजारी आहेत, की एकातून दुसऱ्यात आपण कधी गेलो ते कळतही नाही.

मूल लहान असते तेव्हा आईबापांच्या हातात काही तरी असते. सज्ञान मुलाच्या बाबतीत ते उरत नाही. त्याचा पगार त्याचा, मित्र त्याचे, उपचारांना होकार देण्याचा हक्कही त्याचाच. त्याच्या संमतीशिवाय डॉक्टर त्याच्या प्रकृतीविषयी आम्हाला सांगू शकत नव्हते. असे असूनही रात्री कुलपात किल्ली फिरण्याच्या आवाजावरून तो किती प्यायला आहे याचा अंदाज आम्ही दोघे अंधारात पडल्यापडल्या बांधत असू. किल्ली एका फटक्यात लागली तर माझी पत्नी कूस बदलून झोपी जाई. किल्ली दारावर खरवडत राहिली, की आम्ही दोघेही उठून बसत असू.

आमची सगळ्यात मोठी चूक प्रेमापोटी झाली, म्हणूनच ती सविस्तर सांगतो. एके दिवशी त्याच्या आईने त्याला शपथ घातली आणि त्याने त्याच दिवसापासून दारू पूर्ण बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला, तरी निम्मे पाणी सदऱ्यावर सांडले. दारू अंगातून बाहेर पडते आहे, हे चांगलेच लक्षण आहे, असे आम्ही एकमेकांना सांगितले. त्या रात्री त्याला फिट आली. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाच्या मेंदूने दारूच्या गुंगीशी जुळवून घेतलेले असते आणि ती एकाएकी काढून घेतली की मेंदू अनावर उत्तेजित होतो, हे आम्हाला रुग्णालयात कळले. फिट बहुधा शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ४८ तासांत येते. दोन ते चार दिवसांच्या आसपास भ्रम, भास, ताप आणि प्रचंड थरथर सुरू होऊ शकते आणि ती अवस्था उपचारांविना जिवावर बेतू शकते. म्हणून ज्यांच्या घरी रोज पिणारे कोणी आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की शपथा घालून, खोलीत कोंडून दारू सोडवू नका. दारू सोडण्याचे ते पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच जायला हवेत.

तसाच आणखी एक सल्ला आम्हाला एका नातेवाइकाने मनापासून दिला होता : डायसल्फिरामच्या गोळ्या आणून त्याच्या नकळत जेवणात मिसळायच्या. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते एरवी कधी चिडले नव्हते इतके चिडले. हे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो आणि क्वचित जीवही जातो; ते रुग्णाने पूर्ण माहितीनिशी, स्वतःच्या संमतीनेच घ्यायचे असते.

त्यानंतर मी अल-अॅनॉनच्या सभांना जाऊ लागलो. दारू सोडू पाहणाऱ्यांची अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ अमेरिकेत १९३५ साली सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ साली पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉनची उभारणी केली. तेथे तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात : हे व्यसन तुमच्यामुळे लागलेले नाही, ते तुमच्या ताब्यात नाही आणि ते बरे करणे तुमच्या हातात नाही. पहिल्या गोष्टीने मला रडू कोसळले, कारण वर्षानुवर्षे मी त्याच्या बालपणातील माझी चूक शोधत होतो. दुसऱ्या दोन गोष्टी मात्र मला पटकन पटल्या नाहीत. बापाने मग करायचे तरी काय?

या प्रश्नाचे अधिक व्यवहारी उत्तर मला समुपदेशकाकडून मिळाले. रॉबर्ट मायर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कुटुंबीयांसाठी विकसित केलेली ‘क्राफ्ट’ नावाची पद्धत आहे. पिणारा माणूस शुद्धीत असेल तेव्हा त्याच्यासोबत वेळ घालवायचा, प्यायलेला असेल तेव्हा वाद न घालता बाजूला व्हायचे, पिण्याचे परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचू द्यायचे आणि उपचारांचा विषय योग्य क्षणी काढायचा, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३० कुटुंबीयांना तीन गटांत विभागले होते. क्राफ्ट शिकलेल्यांपैकी ६४ टक्के जणांचे माणूस उपचारांपर्यंत आले, नातलगांनी मिळून जाब विचारण्याच्या पद्धतीत ३० टक्के आणि अल-अॅनॉनच्या वाटेने १३ टक्के. अर्थात अल-अॅनॉनचा उद्देश घरच्यांना सावरण्याचा आहे, पिणाऱ्याला उपचारांना आणण्याचा नाही; त्यामुळे मला दोन्हींची गरज होती असे मी आजही म्हणेन.

‘परिणाम पोहोचू द्यायचे’ हे तीन शब्द ऐकायला सोपे आहेत. ज्या सोमवारी मी फोन केला नाही, त्या दिवशी साडेनऊपासून मी घड्याळासमोर बसून होतो. सव्वादहाला कार्यालयातूनच माझ्या मोबाइलवर फोन आला. मी खोलीत जाऊन त्याला हलवून जागे केले, फोन त्याच्या हातात दिला आणि ‘तुझ्या साहेबांचा फोन आहे’ एवढेच म्हणालो. त्याला लेखी ताकीद मिळाली. तो अकरा दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि त्यांतले चार दिवस पत्नीही बोलली नाही. ‘त्याची नोकरी गेली तर तुम्ही काय करणार आहात?’ या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मात्र जिवाला धोका असेल, तो आत्महत्येची भाषा करत असेल किंवा गाडी चालवायला निघाला असेल, तेथे हा नियम लागू होत नाही. तेथे धावून जायचेच असते.

बाराव्या दिवशी तो न पिता घरी आला, जेवणाच्या टेबलाशी बसला आणि ‘त्या डॉक्टरांकडे जाऊ या का?’ असे त्याने विचारले. दूरध्वनी क्रमांक, जागेची चौकशी, बॅग, सगळे मी आधीच तयार ठेवले होते, कारण असा क्षण फार वेळ टिकत नाही असे समुपदेशकाने बजावले होते. दुसऱ्या दिवशी तो दाखल झाला.

चार महिन्यांनी तो पुन्हा प्यायला. उपचारांनंतर ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घसरतात आणि रक्तदाब किंवा दमा उलटण्याचे प्रमाणही याहून फार वेगळे नसते, हे मला माहीत होते. तरीही ती रात्र पहिल्या रात्रीइतकीच वाईट गेली. फरक इतकाच होता, की या वेळी डॉक्टरांना फोन त्याने स्वतः केला.

आता तो वेगळा राहतो. न पिता किती दिवस झाले ते त्याचे तो मोजतो. माझी वही मी बंद केली आहे. गेल्या रविवारी फोनवर त्याचा आवाज जड वाटला. मी गप्प राहिलो, तेव्हा तोच म्हणाला, ‘बाबा, सर्दी झाली आहे.’ संध्याकाळी फिरायला येतोस का, असे मी विचारले. तो हो म्हणाला. फोन ठेवल्यावर पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि मी तिला सांगितले, ‘त्याला सर्दी झाली आहे म्हणतो.’ ती काही बोलली नाही. सहा वाजता आम्ही दोघेही बूट घालून दाराशी बसलो होतो.